बंदुकांच्या जत्रेत चामड्याचं टेबल

आमचा धंदा आठ फुटी टेबलावर चालतो. दुकान नाही, गाळा नाही. महिन्यातले एक-दोन शनिवार-रविवार टेक्सासमधल्या, कधी ओक्लाहोमातल्या गन शोमध्ये टेबल लावायचं आणि मधल्या दिवसांत डॅलसजवळच्या आमच्या घराच्या गॅरेजमध्ये शिवत बसायचं. पिस्तुलाची चामडी हॉल्स्टर, म्हणजे अंगावर पिस्तूल अडकवायची म्यानं, रायफलचे पट्टे, कमरेचे बेल्ट. बंदूक आम्ही विकत नाही. पहिली सात वर्षं तर बंदूक हातात घ्यायचीसुद्धा मला कायद्याने बंदी होती. त्याबद्दल पुढे लिहिते.

मी कोल्हापूरची. सुभाषनगरात बाबा चपला करायचे, आई चपलांच्या चामडी वेण्या घालायची. रापी आणि आरी मी खेळण्यांच्या वयात हाताळली, पण शिकले कॉमर्स, आणि लग्न होऊन इकडे आले ती नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर. या व्हिसावर काम करता येत नसे. मे २०१५ मध्ये नियम बदलला. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा पहिला टप्पा मंजूर झालेला असेल तर बायकोला कामाची परवानगी मिळू लागली. कामाच्या परवानगीचं कार्ड हातात पडलं त्या आठवड्यात मी सेंट लुईसच्या हरमन ओक टॅनरीचं अर्धं कातडं मागवलं. ही टॅनरी १८८१ पासून झाडाच्या सालीच्या अर्कात चामडं कमावते. आमच्याकडे बाभळीची साल आणि हिरडा वापरतात, तीच जुनी पद्धत. रसायनात झटपट कमावलेलं चामडं मऊ पडतं, आकार धरत नाही. सालीत कमावलेलं भिजवून साच्यावर दाबलं की वाळल्यावर तसंच कडक राहतं. हॉल्स्टरला तेच लागतं.

गन शोची वाट शेजारच्या काकांनी दाखवली. माझा बेल्ट बघून ते म्हणाले, हा माल घेऊन बाजारात जा, इंटरनेटवर चामड्याला हात लावता येत नाही. ज्यांनी हे शो पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. एक आयोजक मोठं सभागृह भाड्याने घेतो, विक्रेत्यांना टेबलं देतो आणि दारावर तिकीट लावतो. आत येणाऱ्याकडे स्वतःची बंदूक असेल तर दारातला पोलीस ती रिकामी आहे का बघतो आणि तिच्यातून प्लॅस्टिकची पट्टी ओवून घट्ट करतो, म्हणजे ती चालवता येत नाही. आत बंदुका असतातच, पण गोळ्या, सुऱ्या, जुनं लष्करी सामान, नाणी, सुकवलेलं मांस, मध, असं सगळं आठवडी बाजारासारखं पसरलेलं असतं. काही जण टेबल न घेता स्वतःची रायफल खांद्याला लावून फिरतात. नळीच्या तोंडात काडी, काडीला कागदाचा झेंडा, त्यावर किंमत.

पहिल्या शोचं भाडं ८५ डॉलर. दोन दिवसांत दोन बेल्ट आणि एक हॉल्स्टर गेलं, म्हणजे गल्ल्यात ११० डॉलर. हॉल्स्टरची किंमत मी ४० लावली होती. चामडं, दोरा, रंग, बटण मिळून १८ डॉलर खर्च आणि हातशिलाईचे पाच तास. म्हणजे ताशी साडेचार डॉलरसुद्धा सुटत नव्हते, आणि टेक्सासात किमान वेतन सव्वासात डॉलर आहे. स्वस्त ठेवलं तर खप होईल, एवढीच माझी समजूत. पण हजार डॉलरचं पिस्तूल कमरेला लावणारा माणूस ४० डॉलरचं चामडं बघून दोन प्रश्न विचारायचा: हे कुठून आयात केलंय, आणि किती दिवस टिकेल? मी सांगायचे, चामडं सेंट लुईसचं, शिवलंय मी, माझ्या गॅरेजमध्ये. त्याचा विश्वास बसत नसे. किंमतच त्याला वेगळं सांगत होती.

तिसऱ्या शोपासून किंमत ८५ केली, विक्रीकर धरून. आमच्या भागात तो सव्वाआठ टक्के आहे, पण चिल्लर मोजत बसलं की रांगेतला पुढचा निघून जातो, म्हणून ८५ म्हणजे ८५. आणि टेबलावरच शिवायला बसले. हा बदल किमतीपेक्षा मोठा ठरला. दोन सुया, मेण लावलेला दोरा, आरीने भोक पाडायचं आणि दोन्ही बाजूंनी सुई घालून ओढायचं. लोक थांबायचे, बघायचे, मग आपोआप हॉल्स्टर उचलून शिलाईवरून अंगठा फिरवायचे. कुठून आयात केलं हा प्रश्न त्या दिवसापासून बंद झाला.

घासाघीस मात्र बंद होत नाही. इथे टॅगवरची किंमत कोणीच शेवटची मानत नाही. ‘रोख दिले तर किती घेशील?’ हे पहिलं वाक्य, आणि खिशातल्या फोनवर तोच माल ऑनलाइन कितीला आहे ते दुसरं. सुरुवातीला मीही रविवारी दुपारी भाव सोडायचे. उरलेला माल परत न्यायचा कंटाळा, दुसरं काय. एका रविवारी एकाला ६५ ला हॉल्स्टर दिलं, आणि वर बघते तर शेजारी उभा असलेला गृहस्थ कालच माझ्याकडून तेच ८५ ला घेऊन गेलेला. तो काही बोलला नाही. नुसतं बघितलं आणि गेला. तो गृहस्थ दर महिन्याला त्या शोला यायचा, माझ्या टेबलाशी पुन्हा कधी थांबला नाही. तेव्हापासून शनिवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी एकच भाव. कमी करायचं असेल तर दुरुस्ती फुकट करून देते, पैसे कमी करत नाही.

आता बंदीची गोष्ट. अमेरिकेत तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाला बंदूक किंवा गोळ्या विकत घ्यायला, बाळगायला केंद्राच्या कायद्याने मनाई आहे. शिकारीचा परवाना काढला तर सूट मिळते, पण मला ती वाट नको होती. आणि हॉल्स्टर विकत घेणारा पहिली गोष्ट काय करतो, तर स्वतःचं पिस्तूल काढून पुढे करतो, ‘यात बसवून दाखव.’ मी दोन्ही हात मागे घेऊन सांगायचे, माझ्या व्हिसावर मला हे हातात घेता येत नाही, तुम्हीच बसवा. काहींना वाटे मी घाबरते, काहींना अपमान वाटे. पण बरेच जण, विशेषतः निवृत्त पोलीस आणि सैनिक, नियम पाळते म्हणून जास्त आदराने बोलायचे. साचा म्हणून मी निळ्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती वापरायचे. पोलीस प्रशिक्षणाला त्या वापरतात. एकेक साचा पन्नासच्या पुढे, आणि नव्या पिस्तुलांची मॉडेलं दरवर्षी बदलतात. आमच्यासारख्यांना तारलं ते ‘१९११’ नावाच्या पिस्तुलाने. जॉन ब्राउनिंगने आखलेलं हे पिस्तूल अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलं, आणि आज ते डझनभर कंपन्या बनवतात, पण मूळ बांधा तोच. एका साच्यावर मी तीनशेच्या वर हॉल्स्टर ओढली आहेत.

गर्दीबद्दल नव्याने टेबल लावणारे सगळे विचारतात. माझं उत्तर आहे, गर्दी आणि गल्ला वेगळे मोजा. शनिवारी नऊ ते बारा येणारा माणूस यादी घेऊन आलेला असतो. रविवारी कुटुंबं येतात, हात लावतात, विचारतात, फार घेत नाहीत. पावसाच्या दिवशी गर्दी वाढते. टेक्सासात हरणाच्या शिकारीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो. त्या दिवशी हॉल ओस पडतो, पण आधीचे दोन आठवडे रायफलच्या पट्ट्यांसाठी वर्षातले सगळ्यात चांगले.

कायदा बदलला की आमचं टेबल बदलतं. १ जानेवारी २०१६ पासून टेक्सासात परवानाधारकाला पिस्तूल उघड बाळगता येऊ लागलं, पण कमरेच्या किंवा खांद्याच्या हॉल्स्टरमध्येच. कायद्यात हॉल्स्टर हा शब्द आला आणि त्या हिवाळ्यात माझ्याकडे पहिल्यांदा सहा आठवड्यांची प्रतीक्षा यादी लागली. सप्टेंबर २०२१ मध्ये परवान्याची अटही गेली, उघड बाळगायचं तर हॉल्स्टर हवं ही अट राहिली.

सगळ्यात मोठी गर्दी पाहिली ती २०२० मध्ये. टाळेबंदीनंतर शो पुन्हा सुरू झाले तेव्हा दारापासून पार्किंगच्या टोकापर्यंत रांग. त्या वर्षी बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासणाऱ्या एफबीआयच्या पडताळणी यंत्रणेकडे ३ कोटी ९६ लाखांहून जास्त चौकश्या गेल्या, आदल्या वर्षी २ कोटी ८३ लाखांच्या आसपास होत्या. नऊ मिलिमीटरची गोळी आधी वीस-बावीस सेंटला मिळायची, ती एक डॉलरला जात होती, आणि साडेदहापर्यंत गोळ्यांची टेबलं रिकामी. मी त्या दिवशी दुप्पट माल आणला होता. तीन हॉल्स्टर विकली. लोकांचं पाकीट पहिल्याच रांगेत संपत होतं. आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेणारे फार होते, एकट्या बायका, कृष्णवर्णीय कुटुंबं, आपल्यासारखे आशियाई. तेच लोक पुढच्या वसंतात माझ्याकडे आले, बंदूक घरात पडून आहे, ठेवायची कशात? भीतीच्या खरेदीनंतर पाच-सहा महिन्यांनी आमच्या टेबलाची पाळी येते, हे तेव्हा कळलं. आता गर्दी वाढली की माल वाढवत नाही, चामडं मागवून ठेवते.

या धंद्यात राहावं का, हा प्रश्न मला दोनदा पडला. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससमधल्या ओलेथला एका भारतीय अभियंत्याला बारमध्ये गोळी घातली गेली. पुढच्याच शनिवारी माझं टेबल होतं. नवरा म्हणाला, जाऊ नकोस. मी गेले, आणि दिवसभर पाठ भिंतीला लावून बसले. समोरच्या रांगेतले सुऱ्या विकणारे आजोबा न सांगता खुर्ची घेऊन माझ्या टेबलाच्या कडेला येऊन बसले, संध्याकाळी सामान गाडीत भरेपर्यंत. दुसऱ्यांदा मे २०२३ मध्ये, डॅलसजवळच्या ॲलन गावातल्या मॉलमध्ये गोळीबारात आठ जण मारले गेले तेव्हा. दिवाळीचे कपडे आम्ही तिथूनच आणतो. त्यानंतर दोन महिने मी टेबल लावलं नाही.

माझं मत मी टेबलावरही लपवत नाही. परवानाधारक विक्रेता फॉर्म भरून घेतो, पडताळणी करतो. ही झटपट यंत्रणा नोव्हेंबर १९९८ पासून आहे. पण तो कागदाच्या झेंड्यावाला, धंदा म्हणून न विकणारा, त्याच राज्यातल्या माणसाला टेक्सासात बिनपडताळणी बंदूक देऊ शकतो. कोलोरॅडोत २००० साली लोकांनी मतदान करून गन शोमधली प्रत्येक विक्री पडताळणीखाली आणली. इथेही तसं व्हावं असं मला वाटतं. काही गिऱ्हाइकं यावर चिडतात, काही मान डोलावतात. माझ्या ओळखीचे दोन म्हातारे संग्राहक स्वतःहून विक्री परवानाधारकाच्या टेबलावरून करतात, थोडे पैसे देऊन. कायदा सांगत नसताना करतात, याचं मला फार मोल आहे.

ओक्लाहोमातला टल्साचा शो वर्षातून दोनदा, वसंतात आणि नोव्हेंबरमध्ये. ४,२०० टेबलं, ११ एकर छताखाली. आमच्या घरापासून चार-साडेचार तास, रेड नदी ओलांडून. बाबा इकडे आले होते तेव्हा त्यांना नुसतं बघायला नेलं. एक टोक ते दुसरं टोक चालून आल्यावर म्हणाले, ‘जोतिबाच्या चैत्र यात्रेगत हाय की गं.’ मग माझ्या टेबलावरचं चामडं वाकवून, हुंगून बघितलं. हिरड्याचा वास नाही म्हणून थोडे खट्टू झाले. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ त्यांच्या वडिलांच्या गॅरँड या जुन्या लष्करी रायफलचा पट्टा घेऊन आले. १९०७ सालच्या नमुन्याचा, पितळी आकडे हिरवे पडलेले, शिलाई उसवलेली. मी शिवत होते, बाबा माझ्या हाताकडे बघत होते. टाका ओढताना एकदा म्हणाले, ‘जरा सैल ठेव पोरी, जुनं कातडं फाटंल.’ त्या गृहस्थांना भाषा कळली नाही, सांगणं कळलं. त्यांनी बाबांशी हात मिळवला.

पितळ का हिरवं पडतं ते मी एका चुकीतून शिकले. माझ्या बेल्टातल्या चामडी कड्यांत काडतुसं महिनाभर ठेवलेला एक गिऱ्हाईक ती हिरवी झालेली घेऊन आला. चामड्यातला आंबटपणा आणि ओल पितळाला खाते, पोलादालाही गंज चढवते. मी पैसे परत दिले. आता प्रत्येक हॉल्स्टरसोबत एक कार्ड जातं: रात्री पिस्तूल यात ठेवू नका, काढून पुसून कुलपात ठेवा.

२०२२ च्या शरदात ग्रीन कार्ड आलं. त्यानंतरच्या पहिल्या शोला एका जुन्या गिऱ्हाइकाने स्वतःचं १९११ उघडून, रिकामं असल्याचं दाखवून माझ्या तळहातावर ठेवलं. तीनशे हॉल्स्टर शिवलेली मी, आणि वजनाने माझा हात खाली गेला. रिकामंच एक किलोच्या वर. माझा निळा साचा किती हलका! बेल्ट खाली ओघळतो ही तक्रार मी चार वर्षं ऐकत होते आणि बकल बदलत होते. त्या रात्री गॅरेजमध्ये दोन थरांचा बेल्ट कापला, चिकटवून कडेने दुहेरी शिवला. किंमत ११०, कर धरून. पहिला त्याच गिऱ्हाइकाला दिला. यंदाच्या नोव्हेंबरसाठी तसेच अठरा कापून ठेवलेत, शिवायचे बाकी आहेत.