पासिंग झालेली गाडी आणि पहाटे चारचा फोन

इंग्लंडला येऊन मला आता सहा वर्षं झाली, नॉर्दम्प्टनजवळ एका ट्रान्सपोर्ट कंपनीत प्लॅनर आहे, म्हणजे कुठली गाडी कुठला ट्रेलर घेऊन कुठे जाणार ते बसवणं हे माझं काम. घरी पण हाच धंदा होता, बाबांचा लेलँड कोल्हापूर-मुंबई लाईनला असायचा, त्यामुळे मला वाटायचं की ट्रकमधलं आपल्याला सगळं कळतं. इकडच्या पहिल्याच हिवाळ्यात पहाटे चारला एक फोन आला आणि त्यानंतर बरंच काही नव्याने शिकावं लागलं.

फोन आमच्या एका जुन्या ड्रायव्हरचा होता. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीपासून ट्रेलरला जे ब्रेकच्या हवेचे पाईप जातात, इकडे त्यांना सुझी म्हणतात, त्यातल्या एकातून बारीक हवा जात होती. मी म्हटलं लोड दह्याचा आहे, सहाला माल उतरवायचा स्लॉट आहे, एवढी ट्रिप मारून ये, संध्याकाळी बदलू. तो शांतपणे म्हणाला, "मी डिफेक्ट बुकात लिहिलंय, आता ही गाडी यार्डच्या बाहेर जाणार नाही." आवाज नाही चढवला की भांडला नाही. मी मॅनेजरला उठवलं, वाटलं तो ड्रायव्हरला समजावेल, तर तो मलाच म्हणाला की लिहिलंय ना, मग विषय संपला, दुसरा ट्रेलर शोध. स्लॉट गेला, कस्टमरची बोलणी खाल्ली, पण त्या ड्रायव्हरला कोणी एका शब्दाने विचारलं नाही.

आपल्याकडे गाडी चांगली आहे का याचं उत्तर एकच, पासिंग झालंय. नव्या कमर्शियल गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस, आणि पासिंगच्या आदल्या आठवड्यात रंग, रिफ्लेक्टर, लाईट सगळं होतं. इकडेही पहिल्या वर्षापासून दरवर्षी टेस्ट आहेच, पण तिला कोणी गाडी चांगली असल्याचा पुरावा मानत नाही. टेस्ट त्या एका दिवसापुरती, उरलेल्या ३६४ दिवसांची जबाबदारी मालकाची. साडेतीन टनाच्या वरची मालवाहू गाडी धंद्यासाठी चालवायची तर ऑपरेटर लायसन्स लागतं, सगळे ओ लायसन्स म्हणतात, आणि ते घेताना मालक लिहून देतो की गाड्या नीट ठेवीन, ड्रायव्हरला डिफेक्ट कळवता येतील अशी सोय करीन, रेकॉर्ड ठेवीन. हे रेकॉर्ड कमीत कमी १५ महिने जपावं लागतं. आमच्याकडे दर सहा आठवड्यांनी प्रत्येक गाडी वर्कशॉपला जाते, चालू असली तरी जाते, आणि ब्रेक रोलरवर, म्हणजे चाकं फिरवून ब्रेकची ताकद मोजणाऱ्या मशीनवर तपासतात, नुसतं खाली वाकून ब्रेकचं लायनर बघितलं असं चालत नाही.

आणि रोज सकाळी ड्रायव्हर गाडीभोवती एक फेरी मारतो. पंधराएक मिनिटं लागतात. टायर, चाकाचे नट, हवेची गळती, लाईट, आरसे, लोड नीट बांधलाय का, ट्रेलरची कपलिंग लागलीय का. नटांवर पिवळे प्लास्टिकचे बाण बसवलेले असतात, दोन बाण समोरासमोर ठेवतात, एखादा नट सैल झाला की बाण फिरतो आणि लांबूनच दिसतं. काही सापडलं नाही तरी "काही नाही" असं लिहून सही करायची. हे बघताना मला बाबांच्या गाडीवरचा क्लीनर आठवतो, ढाब्यावर गाडी थांबली की लाकडी दांडकं घेऊन प्रत्येक टायर ठोकायचा आणि आवाजावरून हवा सांगायचा. कसब तेच. पण त्याने "मागचा आतला बसलाय" म्हटलं तरी ते कुठे लिहिलं जायचं नाही, आणि गाडी न्यायची की नाही हे ठरवायचा हक्क त्याला कधीच नव्हता.

रस्त्यावर तपासायला डीव्हीएसए नावाची सरकारी एजन्सी आहे. त्यांच्याकडे प्रत्येक ऑपरेटरचा स्कोअर असतो, हिरवा, पिवळा, लाल, मागच्या तीन वर्षांत गाड्यांमध्ये काय काय सापडलं त्यावरून, आणि लाल असलात तर तुमची गाडी बाजूला घ्यायची शक्यता जास्त. सापडलेला डिफेक्ट धोक्याचा असेल तर तिथल्या तिथे पीजी नाईन नावाची बंदीची नोटीस, म्हणजे गाडी आहे त्या जागी उभी, दुरुस्त होईपर्यंत चाक हलवायचं नाही. आमच्या एका ट्रेलरला टायरवरून एकदा लागली होती, टायरची बाजू, म्हणजे साईडवॉल कापलेली. त्या दिवशी ऑफिसमध्ये दंडाबद्दल कोणी बोललं नाही, सगळे एकच विचारत होते की सकाळच्या फेरीत हे दिसलं कसं नाही, कारण प्रकरण वाढलं तर ओ लायसन्स देणाऱ्या ट्रॅफिक कमिशनरपुढे जावं लागतं आणि त्यांच्या हातात लायसन्स कमी करणं, थांबवणं, काढून घेणं सगळं असतं. लायसन्स गेलं की धंदा संपला.

या सगळ्याचं महत्त्व मला ट्रेनिंगमध्ये बाथची केस सांगितली तेव्हा पोटातून कळलं. फेब्रुवारी २०१५, बाथ शहरातला लॅन्सडाउन लेन नावाचा तीव्र उतार, ३२ टनी टिपरचे, म्हणजे आपल्या डंपरचे, ब्रेक लागले नाहीत आणि चार माणसं गेली, त्यात चार वर्षांची एक मुलगी. टिपरवर १९ वर्षांचा पोरगा होता. कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. सदोष मनुष्यवधाखाली तुरुंगात गेले ते मालक आणि मेकॅनिक, मालकाला साडेसात वर्षं, मेकॅनिकला सव्वापाच. मी हे दोनदा विचारून खात्री केली, कारण आपल्याकडे पुण्यात नवले पुलाच्या उतारावर काही झालं की बातमीत "ब्रेक फेल" हे दोन शब्द येतात आणि तिथेच शोध थांबतो, ड्रायव्हर पळाला की सापडला एवढंच उरतं. बाथमध्ये प्रश्न तिथून सुरू झाला, ब्रेक त्या अवस्थेला येईपर्यंत गाडी रस्त्यावर कोणी ठेवली. खंबाटकी घाट उतरताना लायनर जळाल्याचा वास कॅबिनमध्ये यायचा, मी लहान होतो, मला तो घाटाचाच वास वाटायचा.

मागच्या महिन्यात चुलतभावाशी यावर खूप वेळ बोललो, तो आता दोन डंपर चालवतो. तो म्हणाला, "तुझं सगळं खरं आहे रे, पण गाडी एक दिवस उभी राहिली तर हप्ता कोण भरणार?" प्रश्न एकदम रास्त आहे, आणि इकडेही या धंद्यात मार्जिन फार बारीक आहे. पण इकडे तो प्रश्न लायसन्स देतानाच विचारतात. भाड्याने माल वाहायचा तर पहिल्या गाडीसाठी ८,००० पौंड आणि पुढच्या प्रत्येक गाडीसाठी ४,५०० पौंड तुमच्या हाताशी आहेत हे दाखवावं लागतं, का तर दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून खराब गाडी रस्त्यावर यायला नको. त्याला म्हटलं, उभ्या गाडीचा एक दिवस धंद्याच्या हिशेबात आधीच धरलेला पाहिजे, तो ड्रायव्हरच्या जिवावर काढायचा नाही.

तो जरा वेळ काही बोलला नाही. मग त्या पिवळ्या बाणांचा फोटो मागवला, नटाची साईज कळवली, आणि दोन्ही डंपरना मिळून किती लागतील ते मोजून सांगतो म्हणाला. डिसेंबरमध्ये येताना घेऊन येतोय.