चौऱ्याऐंशी चौकोन

शनिवार, रात्री

भाचीला आठवा लागलाय. ताईचा सकाळी फोन, "तू काहीतरी हाताने करून दे गं, विकतचं नको." माझ्या हाताबद्दल तिचे गैरसमज आहेत. शाळेत मी रुमालाला हेम घातली होती, ती बाईंनी उसवायला लावली होती.

पण माळ्यावरच्या खोक्यात वहिनीने अमेरिकेतून आणलेली दोन पाकिटं पडून होती. आयते कापलेले सुती कापडाचे चौकोन, पाच इंच बाय पाच इंच, एका पाकिटात ४२. तिकडे याला चार्म पॅक म्हणतात. दहा इंचाचे चौकोन असले तर लेयर केक, आणि अडीच इंची पट्ट्यांची गुंडाळी असली तर जेली रोल. गोधडी शिवायची की बेकरी काढायची! वहिनी म्हणाली होती, "यात काही डोकं लागत नाही. एका रविवारात होते." हे ऐकूनच मी तीन वर्षांपूर्वी पाकिटं ठेवून घेतली.

खोक्याशेजारी दुसरीही एक पिशवी आहे. आईच्या साड्यांची. आई गेल्यापासून दर दिवाळीला मी ती उघडते, साड्यांना ऊन दाखवते आणि परत बांधते. गोधडी करायची तर याच साड्यांची, हे कधीपासून ठरलेलं आहे. कात्री लावायला मात्र हात धजत नाही. एकदा खडूने रेघ ओढण्यापर्यंत मजल गेली होती. शेवटी ती रेघ पुसून टाकली.

आयत्या चौकोनांचं मला सुख वाटतं ते हेच. कापण्याचं पाप दुसऱ्याने केलेलं आहे.

रविवार

हिशोब सोपा निघाला. दोन पाकिटांचे ८४ चौकोन, नऊच्या नऊ ओळी म्हणजे ८१, तीन उरतात. दोन्ही बाजूंनी दोन-दोन सूत, म्हणजे पाव-पाव इंच, शिवणीत गेलं की पाच इंचाचा चौकोन साडेचार इंचाचा होतो. नऊ चौकोनांचे साडेचाळीस, कडेचं अजून न शिवलेलं धरून ४१ इंच. बाळाला भरपूर झालं.

हॉलमध्ये चादर अंथरून चौकोन मांडले. पाकिटं एकाच प्रकारची, त्यामुळे प्रत्येक छाप दोनदा येतो. जुळी शेजारी बसायला नकोत, गडद सगळे एका कोपऱ्यात जमायला नकोत. मांडणीचा फोनवर काळा-पांढरा फोटो काढला की गडद-फिकं कुठे साचलंय ते लगेच दिसतं. तासभर खपून मनासारखं जमलं, तेवढ्यात यांनी आत येऊन पंखा पाचवर केला. मे महिना आहे, त्यांचं चूक नाही. पण त्या क्षणी मी जे बोलले ते लिहीत नाही.

दुसरी मांडणी पहिलीपेक्षा बरी झाली, हे त्यांना सांगितलेलं नाही.

शिवताना एकच गोष्ट जपायची, ते दोन सूत. शिवण एक मिलिमीटर जरी जाड झाली तरी प्रत्येक जोडाला दोन्हीकडचे मिळून दोन मिलिमीटर जातात. एका ओळीत आठ जोड, म्हणजे सोळा मिलिमीटर, अर्ध्या इंचाहून जास्त. एक ओळ बरोबर आणि एक तोकडी झाली की पुढे जुळवताना रडायची वेळ येते. मशीनच्या पट्टीवर सुईपासून दोन सूत मोजून चिकटपट्टी लावली आणि तिच्या कडेकडेने कापड सरकवत गेले. माझ्या चौकोनांच्या कडा दातेरी कात्रीने कापलेल्या, करवतीसारख्या. मोजायचं टोकांपासून की खाचांपासून? टोकांपासून. हे पहिले सहा जोड उसवल्यावर कळलं.

बाकी खरंच डोकं लागत नाही. एक जोडी शिवली की दोरा न तोडता लगेच दुसरी सुईखाली सरकवायची. मशीनच्या मागून पताकांसारखी माळ लोंबत राहते, नंतर मधले दोरे कापायचे. जेवणाआधी नऊच्या नऊ ओळी तयार!

सोमवार

इस्त्री. पहिल्या ओळीच्या शिवणी सगळ्या उजवीकडे, दुसरीच्या डावीकडे, तिसरीच्या पुन्हा उजवीकडे. ओळीवर ओळ ठेवली की उलटसुलट शिवणी बोटाखाली एकमेकींत बसतात आणि कोपऱ्याला कोपरा लागतो. ही युक्ती मला फार आवडली. ऑफिसमधून आल्यावर आठ लांब शिवणी मारल्या आणि वरचा पदर पुरा. वहिनीचं म्हणणं खरं निघालं, फक्त रविवारात अर्धा सोमवार धरायला हवा.

फोटो ताईला पाठवला. ताईने तो आत्याला पाठवला. तिथून पुढे सगळं लांबलं.

बुधवार

आत्याचा फोन. पंच्याऐंशीची आहे, पण आवाज खणखणीत.

"सगळं कोरं कापड दिसतंय गं."

"हो आत्या, नवीन आहे."

"बाळाच्या अंगाखाली कोरं घालतात होय? खळ असती त्याला. टोचतं. आणि आत काय भरणार?"

मी पॉलिस्टरची शीट आणलेली होती. सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

"घाम यील त्याला," एवढंच म्हणाली.

आमच्या साताऱ्याकडे बाळाला पहिल्यांदा जुनं नेसूच लागतं. आजीच्या लुगड्याचं, आईच्या साडीचं, दहा वर्षं धुऊन धुऊन मऊ झालेलं. मला हे माहीत होतं आणि छापांच्या नादात मी साफ विसरले होते. गोधडीला, म्हणजे आत्याच्या भाषेत वाकळेला, आत वेगळं काही भरत नाहीतच. जुन्या लुगड्यांचे थर हेच तिचं पोट.

मग मी पिशवीचं बोलले. कात्री लावायला धजत नाही म्हणून. आत्या हसायलाच लागली.

"कात्री कुठली? तुझी आई टराटरा फाडायची. दाताने जरा तोडायचं नि टर्रकन. काठ बरा असला तर आधी काढून दुसऱ्या साडीला लावायची. उरलेल्याची वाकळ, वाकळेतून उरलं तर पायपुसणं. उन्हाळ्यात सोप्यात बसायचो आम्ही दोघी, चार पाय वाकळेवर. तू साड्या ऊन दाखवून ठेवतीस होय? अगं, हसली असती ती."

रविवार

पिशवी उघडली. मोतिया रंगाची सुती साडी, हळदीचा एक डाग तसाच. दोन्ही काठ नाहीत, आईनेच कधीतरी काढलेले. मोजपट्टी लावली तर पन्हा, म्हणजे रुंदी, ४१ इंच. माझा वरचा पदर ४१ इंच. मी पट्टी दुसऱ्यांदा लावून पाहिली.

म्हणजे कापायचं कामच नव्हतं. साडी तशीच लांबीत घडीवर घडी घालत गेले, ४१ इंचांवर परत, ४१ इंचांवर परत. चार घड्या झाल्या. आणि मग पदराकडचं दोन हात कापड उरलं.

ते आत मुडपून टाकलं तर अर्ध्याच भागात गोळा होतो. पाचवी घडी पुरत नाही. मी बराच वेळ त्या उरलेल्या कापडाकडे बघत बसले. चहा केला. यांनी विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "होतंय."

शेवटी कडेला दातांनी तोडलं. कापडाला साबणाची आणि माळ्याची चव होती. दोन्ही हातांनी ओढल्यावर साडी अगदी दोऱ्याच्या रेषेत सरळ फाटत गेली, कात्रीने माझ्याच्याने इतकं सरळ कापलं गेलं नसतं. आवाज थेट आत्याने काढला होता तसा.

आत्याला फोन करून विचारलं, उरलेल्याचं काय करू?

"बाळोतं कर," म्हणाली आणि ठेवला फोन.

दहा दिवसांनी

एवढे थर माझ्या मशीनच्या पायाखालून जात नाहीत, त्यामुळे धावदोरा हातानेच. खाली अस्तराला जुनी सुती चादर. ती कापताना मला काहीच वाटलं नाही, ही एक गंमतच. आधी वीतवीतभर अंतरावर कच्चे टाके घालून सगळे थर धरून ठेवले. व्हिडिओत सगळे मधून सुरुवात करून बाहेर जा म्हणतात, म्हणजे चुण्या बाहेर ढकलल्या जातात. आत्या म्हणते कडेने सुरू कर आणि चौकोनात फिरत आत ये, आई तसंच करायची. मी आत्याचं ऐकलं. मध्याशी येईपर्यंत दोन चुण्या पडल्या. त्या आहेत तिथेच आहेत.

रोज रात्री जेवणं झाल्यावर तासभर. बोटाला घट्टे पडलेत. चादर सगळीकडून दीड इंच जास्त ठेवली होती, ती पुढे वळवून तुरपाई केली, वेगळी गोट लावावी लागली नाही. मग तीनदा धुतली. पहिल्या पाण्यात लाल छापाने रंग सोडला, नशीब की थोडाच. धुतल्यावर सगळी आकसून सुरकुतली आणि एकदम जुनी दिसायला लागली. आत्याला हात लावायला दिली. तिने गालाला लावून पाहिली आणि चुण्यांवरून बोट फिरवलं. बोलली काही नाही. हे तिचं पास करणं असावं.

जुलै

बारसं झालं. मुलगी आहे. गोधडीचं फार कौतुक झालं, सगळ्यांनी फोटो काढले, कुणीतरी दुकानाचं नावही विचारलं.

आज भाचीचा फोन. नाशिकला चार दिवस पाऊस, काही म्हणून वाळत नाही. "मावशी, ते मोतिया बाळोतं आहे ना, तेच लागतं तिला. दुसऱ्यात गुंडाळलं की किरकिर करते. रात्री धुऊन पंख्याखाली वाळवते, सकाळी परत तेच."

"आणि गोधडी?"

"ती ठेवलीय नीट घडी करून. कपाटात, वरच्या कप्प्यात. इतकी सुंदर आहे, उगाच खराब व्हायची. ऊन पडलं की एकदा दाखवीन."

मी म्हटलं, काढ ती आत्ताच्या आत्ता, नि टाक तिच्या अंगाखाली. भिजू दे.