मँचेस्टरमधील दोन ग्रंथालये

मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर १४२१ साली बांधलेली तांबूस दगडाची एक वास्तू आहे. हम्फ्री चेथम या कापडाच्या व्यापाऱ्याने मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशातून १६५३ मध्ये तेथे सर्वांसाठी खुले ग्रंथालय सुरू झाले आणि ते आजही चालू आहे. येणाऱ्या वाचकाकडून ग्रंथपालाने काहीही मागू नये, असा दंडक सुरुवातीलाच घालून दिलेला होता. ज्या काळी पुस्तके इतकी मोलाची होती की ती फडताळाला साखळीने जखडून ठेवावी लागत, त्या काळी वाचकावर मात्र कसलेच बंधन न घालणे, हे मला फार मोठे औदार्य वाटते.

साखळ्या अठराव्या शतकात निघाल्या, पण सतराव्या शतकातली लाकडी स्टुले अजून आहेत. पुस्तक जागचे हलत नसल्यामुळे वाचकच स्टूल उचलून त्याच्यापाशी जात असे, आणि त्यासाठी बैठकीच्या मधोमध इंग्रजी 'एस'च्या वळणाची खाच कोरलेली आहे. त्या खाचेकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. वाचनकक्षातील खिडकीच्या कोनाड्यात १८४५ मध्ये मार्क्स आणि एंगल्स एकत्र अभ्यासाला बसत. रंगीत काचेमुळे येथे हवा नेहमीच छान असते, असे एंगल्सने पुढे पंचवीसेक वर्षांनी मार्क्सला पत्रातून कळवले होते. बाहेर पाऊस लागलेला असताना मला त्याचे म्हणणे तंतोतंत पटले.

तेथून मी चालत मध्यवर्ती ग्रंथालयात गेलो. एका व्यापाऱ्याच्या दानातून उभे राहिलेले काम साऱ्या शहराने करातून उचलावे, ही वाट ब्रिटनमध्ये १८५० च्या कायद्याने मोकळी झाली. मात्र पौंडामागे अर्धा पेनी एवढाच कर बसवण्याची मुभा होती आणि त्यातून पुस्तके घेता येत नसत. वाचनालय बांधावे पण पुस्तके देणगीतून मिळवावीत, हा कद्रूपणा आज वाचतानाही सलतो. तरीही मँचेस्टरने १८५२ मध्येच आपले मोफत ग्रंथालय उघडले.

आताची वर्तुळाकार इमारत १९३४ ची आहे. घुमटाखालच्या भव्य वाचनकक्षात आवाज इतका घुमतो की कोणी खुर्ची सरकवली तरी तो पलीकडच्या टोकाला ऐकू येतो, त्यामुळे प्रत्येकजण आपसूकच जपून वावरतो. मी एक पुस्तक उघडून दिवे लागेपर्यंत बसून राहिलो. मी कोण, कुठला, कशासाठी आलो, हे कोणीही विचारले नाही.