तुम्ही विचारलंत म्हणून : तीच गाणी, पुन्हा एवढे पैसे मोजून?

घरी कुणी आलं आणि टर्नटेबलशेजारचा रेकॉर्डींचा जाडजूड खोका नजरेला पडला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. आधी किंमत विचारतात. ती ऐकली की खोका जपून खाली ठेवतात आणि म्हणतात, "पण ही गाणी मोबाईलवर फुकट मिळतात ना?" अमळनेरच्या मामांनी तर सरळ विचारलं, "इतला पैसा कसाले, भाऊ?" प्रश्न रास्तच आहे. दीडशे डॉलर ही नुसती छापील किंमत. जळगावला घरपोच येईपर्यंत कुरिअर आणि कस्टम ड्युटी धरून ती आणखी चढते. एवढ्या पैशांत आपल्याकडे चांगला कूलर येतो. म्हणून एकदा सविस्तरच सांगतो.

खोक्यात आहे स्टीली डॅन या अमेरिकन बँडचा 'एझा'. १९७७ साली आलेला, सात गाण्यांचा, चाळीसेक मिनिटांचा अल्बम. रॉकची चौकट आणि आत जॅझचे वादक. डोनाल्ड फेगन आणि वॉल्टर बेकर या जोडीने स्टुडिओत एकेका गाण्यासाठी वेगवेगळे वादक बोलावले आणि मनासारखं वाजेपर्यंत कुणाला सोडलं नाही. 'पेग' या गाण्यातल्या गिटारच्या छोट्या तुकड्यासाठी एकामागून एक गिटारवादक येऊन गेले, शेवटी जे ग्रेडनचं वाजवणं पसंत पडलं. ध्वनिमुद्रणासाठी या अल्बमला ग्रॅमी मिळालं. आजही नवे स्पीकर पारखायला लोक हाच अल्बम लावतात.

आता फुकटच्या गाण्यांबद्दल. मोबाईलवर वाईट ऐकू येतं असं मी कधीच म्हणणार नाही. विनाइलच्या आवाजात काहीतरी दैवी असतं, हेही मला पटत नाही. २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या नावाजलेल्या अमेरिकन कंपनीला कबूल करावं लागलं की त्यांच्या अनेक महागड्या रेकॉर्डींच्या कामात मध्ये एक डिजिटल पायरी (टेपवरचा आवाज आधी संगणकाच्या फाइलीत घेण्याची) होती, आणि तीही कित्येक वर्षांपासून. 'शुद्ध अ‍ॅनालॉग' म्हणून त्याच रेकॉर्डींची वाखाणणी करणारे भलेभले कान तोवर गप्प होते. गिऱ्हाइकाला अंधारात ठेवलं, याचा राग यायलाच हवा. पण आवाज चांगला होता, तो नंतरही चांगलाच राहिला. मला त्यातून एवढंच कळलं की आवाज ठरतो तो टेप कुठली हाताशी होती आणि रेकॉर्ड कापायला, म्हणजे तिची खाच कोरायला, कोण बसलं होतं यावर. खोक्यावरच्या शिक्क्यावर तो ठरत नाही. '१८० ग्रॅम' असं छापलेलं पाहून हुरळून जाऊ नका. जाड तबकडी हातात भरदार लागते, पण कापणीच सुमार असेल तर तिचं वजन काय करणार?

माझे पैसे मी टेप आणि कापणारा माणूस या दोन गोष्टींसाठी मोजले. १९७७ ला 'एझा'चं मास्टरिंग, म्हणजे छापण्याआधी आवाजाचा शेवटचा मेळ बसवण्याचं काम, केलं होतं बर्नी ग्रंडमन यांनी. २०२३ साली कॅन्ससमधल्या अ‍ॅनालॉग प्रॉडक्शन्स या रेकॉर्ड कंपनीने ही आवृत्ती काढली, तेव्हा लॅकर (ज्यावरून तबकड्यांचे साचे करतात ती पहिली चकती) कापायला पुन्हा ग्रंडमनच बसले. मध्ये सेहेचाळीस वर्षं गेली होती. तिशीत केलेलं काम ऐंशीच्या उंबरठ्यावर पुन्हा हातात घ्यायचं, आणि तेही जगभर लोकांना पाठ झालेलं. मला तर या कल्पनेनेच भरून येतं. आणि टेपबद्दल कंपनीने लपवाछपवी केलेली नाही. मूळ मास्टर टेप हाताशी नव्हती, तिची अ‍ॅनालॉग प्रत होती आणि त्या प्रतीवर खर्ज आणि वरचे सूर कमी-जास्त करण्याचे संस्कार आधी झालेले नव्हते, हे त्यांनी स्वतःच छापलं आहे. 'एझा'च्या टेपांची कथा तशीही दुःखाची आहे. शीर्षकगीत आणि 'ब्लॅक काऊ' या दोन गाण्यांच्या मल्टिट्रॅक टेपा, म्हणजे ज्यांवर एकेक वाद्य वेगवेगळं असतं त्या, हरवल्या. १९९९ च्या आवृत्तीत फेगन आणि बेकर यांनी त्या आणून देणाऱ्याला सहाशे डॉलरचं बक्षीस लावलं होतं. अशा अल्बमची एक चांगली प्रत सापडणं आणि ती ओळखणारा माणूस हयात असणं हा योग पुन्हा येईल का, सांगता येत नाही.

दुसरं विचारतात ते हे, की एका अल्बमला दोन तबकड्या कशाला? कारण ही मिनिटाला ४५ फेरे घेणारी आवृत्ती आहे. खळ्यात मळणी चालायची तेव्हा मेढीजवळच्या बैलाला थोडंच चालावं लागे, कडेचा बैल मात्र तेवढ्याच फेऱ्यात दुप्पट चालायचा. रेकॉर्डवर सुईचं तसंच आहे. नेहमीच्या ३३ फेऱ्यांच्या तबकडीवर कडेला सुईखालून सेकंदाला पन्नासेक सेंटीमीटर खाच सरकते. लेबलाजवळ पोचेपर्यंत ती एकवीसच्या आसपास येते. तेवढ्याच वेळातला आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा, म्हणून तिथे झांजेचा आणि 'स'कारांचा आवाज चरचरतो. मूळ एलपीच्या पहिल्या बाजूला शेवटचं गाणं 'डीकन ब्लूज', म्हणजे पीट क्रिस्टलीबचा सुंदर सॅक्सोफोन नेमका त्या अडचणीच्या जागी. ४५ ला लेबलाजवळही अठ्ठावीसेक सेंटीमीटर मिळतात, आणि गाणी चार बाजूंवर पसरल्यामुळे आत दाटी करावीच लागत नाही. उठून बाजू बदलायला लागतात, हे खरं. मला त्याचा त्रास वाटत नाही.

ऐकायला कुणी तयार झालं तर मी शीर्षकगीत लावतो. आठ मिनिटांचं. मध्यावर वेन शॉर्टर टेनर सॅक्सोफोन घेऊन येतो आणि खाली स्टीव्ह गॅड ड्रम्सवर सुटतो. इथे कान फक्त गॅडच्या झांजेवर ठेवा. साध्या प्रतीत तिचा एक सलग सळसळता पट्टा ऐकू येतो. या प्रतीत काडीचं टोक धातूला लागल्याचा टणत्कार वेगळा ऐकू येतो, त्यामागची झणझण वेगळी, आणि पुढचा ठोका पडतो तेव्हा आधीची झणझण विरत असते. टॉम या ड्रमवरचे ठोके तर पोटात लागतात. शेवटी गाणं हळूहळू मिटत जातं, तरी गॅड थांबत नाही. अगदी सुई उचलण्याच्या बेतात असतानाही तो काहीतरी नवं वाजवत असतो. ही जागा मी कितीतरी वर्षं ऐकतो आहे, पण शेवटचे काही ठोके या प्रतीतच पहिल्यांदा कळले.

आपल्याकडच्या उन्हात हे टिकतं का, हेही खूपजण विचारतात. टिकतं, पण जपावं लागतं. विनाइल साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसला टेकतो, म्हणजे सावलीतल्या खोलीत भीती नाही. पण उन्हात उभ्या बंद गाडीत किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर तबकडी वाकडी व्हायला दुपार पुरते. रेकॉर्डी उभ्या ठेवा आणि पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. धूळ हा त्याहून मोठा शत्रू. मार्चपासून वावटळी सुरू झाल्या की खिडक्या लावूनही बारीक माती आत येते, म्हणून ब्रश फिरवल्याशिवाय मी सुई टेकवत नाही. लाईट गेले तर इन्व्हर्टरवर लावू नका. स्वस्त इन्व्हर्टरच्या विजेची लाट गुळगुळीत नसते, मोटर गुरगुरते आणि ती गुरगुर स्पीकरमधून ऐकू येते. आपल्याकडची शहाबादी फरशी मात्र या कामाला उत्तम. कुणी चाललं तरी सुई हलत नाही.

मग तुम्ही घ्यावी का? माझं उत्तर बहुतेकांना 'नको' असंच असतं. याच वेळी ३३ फेऱ्यांची साधी आवृत्तीही निघाली. ती ग्रंडमन यांच्याच नव्या मास्टरवरून, पण डिजिटल फाइल वापरून दुसऱ्या माणसाने कापली आहे आणि खूपच स्वस्त आहे. सुरुवातीला ती घ्या. उरलेल्या पैशांत टर्नटेबलला चांगली सुई बसवा, कारण झिजलेली सुई महागड्या रेकॉर्डीचंही तेवढंच नुकसान करते. आणि दोन्हींतला फरक ऐकायचा असेल तर सरळ घरी या. दोन्ही प्रती आहेत, एकामागून एक लावतो.