बोअरचं पाणी आणि न शिजणारी डाळ

जळगावात आमच्याकडे दोन नळ आहेत, एक वाघूर धरणाच्या पाण्याचा, दुसरा बोअरचा. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ लावली की शिट्ट्यांवर शिट्ट्या होतात, दाणा मात्र टणकच. सासूबाई म्हणतात, "पाणी जड आहे." खरंच आहे. पावसाचं पाणी मुळात मऊ. मुरताना ते मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि काळ्या बेसॉल्टमधलं, तापीकाठच्या गाळातल्या चुनखडीतलं कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवत जातं; हाच पाण्याचा जडपणा, म्हणजे कठीणपणा. धरणातल्या पाण्याला खडकाशी एवढी सलगी करायला वेळच मिळत नाही. गिझरच्या कॉइलवर खरवडावा लागतो तो पांढरा थर याचाच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, दुसरी सोय नसेल तर ६००. तुरटीने गाळ बसतो, कठीणपणा जात नाही. शेजारच्या काकूंना हे पटवून द्या बरं!