आधी हवा, मग गन : आमची वाटचाल

आमची सुरुवात कॉम्प्रेसर आणि स्प्रे गनच्या दुरुस्तीपासून झाली. छोटं दुकान, गिऱ्हाईक बहुतेक गॅरेजवाले. हळूहळू वेगळीच मंडळी येऊ लागली: स्वतःची गाडी घरीच रंगवायला काढलेली. हातात नवीकोरी गन आणि तोंडी एकच तक्रार, "ही रंग थुंकते."

गन खोलायचो, नीडल, नोझल, पॅकिंग सगळं बघायचो. दोष क्वचितच सापडायचा. मग गन बाजूला ठेवून बाकीची चौकशी करायला लागलो. कॉम्प्रेसर कोणता? पाइप केवढ्या व्यासाचा? खरं दुखणं तिथे असायचं. एचव्हीएलपी, म्हणजे कमी दाबाने पण भरपूर हवेवर चालणाऱ्या गनला मिनिटाला साधारण १० ते १४ घनफूट हवा लागते. घरगुती कॉम्प्रेसर बहुधा निम्मीच देतो. पहिलं दार झकास उठतं, दुसऱ्यावर जाईपर्यंत टाकी उतरते, दाब पडतो आणि रंग जाड थेंबांनी बसायला लागतो. बोल मात्र गनला.

इथे धंद्याला वळण मिळालं. नुसती गन विकणं आम्ही बंद केलं. गन मागणाऱ्याकडे आधी कॉम्प्रेसरवरच्या पाटीचा फोटो मागतो. त्या पाटीवर अनेकदा पंप किती हवा ओढतो ते लिहिलेलं असतं. प्रत्यक्ष बाहेर पडणारी त्याहून बरीच कमी भरते. आकडा तोकडा पडला तर कमी हवेवर चालणारी एलव्हीएलपी गन सुचवतो, नाहीतर एकेक पॅनेल घ्या आणि मध्ये टाकी भरू द्या असं सांगतो. मोठी विक्री हातची जाते कधीकधी. जाऊ दे.

गन देताना ती काउंटरवर गुंडाळून देत नाही, मागच्या भिंतीवर कागद लावून जुळवून देतो. बेस (रंगाचा थर) आणि क्लिअर (त्यावरचा पारदर्शक थर) यांना १.३ किंवा १.४ मिलिमीटरचं नोझल, जाड प्रायमरला १.७ च्या आसपास. दाब बघायचा तो ट्रिगर दाबून, हवा वाहत असताना. ट्रिगर सोडल्यावर काटा वर जातो आणि लोक तोच आकडा धरून बसतात. गनला पाइप जोडतो तिथे बहुतेक वेळा २ बारच्या आसपास काम भागतं. नक्की आकडा गनच्या माहितीपत्रकात असतो. मग १५ ते २० सेंटिमीटरवरून क्षणभर फवारा. कागदावर लांबट, सगळीकडे सारखा भरलेला पट्टा उठला पाहिजे. मध्येच रंग साचला तर दाब कमी आहे किंवा रंग घट्ट आहे. दोन्ही टोकं जड आणि मधला भाग विरळ दिसला तर दाब जास्त किंवा रंग पातळ. पट्टा एका बाजूला वाकला तर एअर कॅप (नोझलवरची हवेची टोपी) अर्धा फेरा फिरवून पुन्हा मारा. वाक उलटला तर कॅपचं भोक तुंबलंय. तसाच राहिला तर नोझल साफ करा. तारेने टोकरू नका, भोक कायमचं बिघडतं.

आता गनइतकेच दाब जुळवायचे रेग्युलेटर, हवेतलं पाणी अडवणारे ट्रॅप आणि १० मिलिमीटरचे पाइप खपतात. ट्रॅप कॉम्प्रेसरला चिकटून बसवायला सांगत नाही. तिथली हवा गरम असते, पाणी वाफेच्या रूपातच निघून जातं आणि पुढे पाइपात थंड होऊन रंगात उतरतं.

एका बाबतीत मात्र आम्ही हट्टी आहोत. टू-के क्लिअर म्हणजे हार्डनर मिसळून मारायचं क्लिअर. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची अ‍ॅलर्जी एकदा जडली की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही दमा उसळतो. म्हणून बाहेरची ताजी हवा पुरवणारा मास्क असल्याशिवाय टू-के देत नाही. मास्क भाड्यानेही ठेवलाय. "आहे त्याच कॉम्प्रेसरची नळी मास्कला जोडली तर?" असं दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच. चालणार नाही. तेलावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरची हवा श्वासासाठी नसते. आणि ती गनलाच पुरत नव्हती, म्हणून तर तुम्ही आमच्याकडे आलात.