एकास बहात्तर

गेला अर्धा तास मी फरशीवर पालथा पडलोय. एका हातात मोबाइलची टॉर्च, गाल जमिनीला टेकलेला. चिमट्यातून उडालेलं मॉडेल विमानाचं पुढचं चाक शोधतोय. चाक करड्या प्लास्टिकचं, जेमतेम चार मिलिमीटरचं. फरशी मोझॅइकची. आमच्या पुण्यातल्या इमारतीला ही करड्या-काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची फरशी ज्या कंत्राटदाराने बसवली, त्याचं मॉडेल करणाऱ्यांशी काहीतरी जुनं वैर असणार.

"अरे, पन्नाशी आली तुझी," पलंगावरून आई म्हणते. एवढंच. पुढचं वाक्य तिने गेल्या तीस वर्षांत इतक्यांदा म्हटलंय की आता म्हणायची गरज उरलेली नाही.

मी लढाऊ विमानांची मॉडेल्स करतो. प्रमाण एकास बहात्तर, म्हणजे पावणेसहा फुटी माणूस अडीच सेंटिमीटरचा. खरं तर प्रमाणाचं आपल्याला जरा वावडंच. दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज बुरुजाहून उंच असतात, गवळणीच्या घागरीत अख्खा मावळा मावेल, पायथ्याचा वाघ हत्तीएवढा असतो, आणि कुणाचं काही अडत नाही. मीही त्याच किल्ल्यांवर वाढलो. त्यामुळे चौदाव्या वर्षी लंडनहून आलेल्या मामाने एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचं, नॅट नावाच्या छोट्या लढाऊ विमानाचं किट हातात ठेवलं, तेव्हा दोन दिवसांत ते चिकटवून, हिरवं-करडं रंगवून, कागदावर काढलेली तिरंगी चक्रं डकवून मी जाहीर करून टाकलं, की हे १९७१च्या युद्धातल्या निर्मलजीतसिंग सेखों यांचं विमान.

वरच्या मजल्यावर एक आजोबा राहत. वायुसेनेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी ते तळहातावर घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "तुझ्या सेखोंसाहेबांच्या मागच्या सीटवर कोण बसलंय रे?"

ते किट ब्रिटिशांच्या दोन सीटच्या शिकाऊ नॅटचं होतं. त्यांच्या लाल कवायती विमानांचं. आपल्याकडची नॅटं सगळी एका सीटची. शिकाऊ नॅटचं धड लांब, पंखही मोठे. मी सेखोंना चुकीच्या विमानात बसवलं होतं, आणि वर सोबतीला कुणीतरी दिलं होतं. खऱ्या गोष्टीत तर सोबत नव्हतीच. १४ डिसेंबर १९७१ला श्रीनगरच्या धावपट्टीवर पाकिस्तानची सहा सेबर लढाऊ विमानं बॉम्ब टाकत असताना दोन नॅट उडाली, आणि उडाल्या उडाल्या त्यांची चुकामूक झाली. सेखों एकटेच त्या सहा विमानांशी भिडले. वायुसेनेला मिळालेलं एकुलतं एक परमवीर चक्र त्यांचं. विमानाचे अवशेष पुढे एका घळीत सापडले. ते स्वतः सापडले नाहीत.

आजोबा दुसरं एक म्हणाले. "आणि चॉक कुठंयत? घसरेल ना ते!" उभ्या विमानाच्या चाकांपुढे-मागे लावायच्या लाकडी उटी. त्या मी आगपेटीच्या काड्या तासून केल्या, अजूनही प्रत्येक विमानाला करतो. नॅट म्हणजे इंग्रजीत चिलट. हे चिलट सेबरला जड गेलं हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. त्याच्या तोफा ऐन वेळी अडकत आणि शिव्या फिटरला बसत, हे मला त्यांच्याकडून कळलं.

तेव्हापासून नंबर कळल्याशिवाय मी विमान पूर्ण करत नाही. किटमधल्या डिकलच्या, म्हणजे विमानावर डकवायच्या खुणांच्या, कागदावर आपली चक्रं क्वचितच असतात. ती वेगळी मिळवायची, नाहीतर घरी छापायची. मग कोणत्या स्क्वाड्रनचं, कोणत्या सालातलं, कोण चालवत होतं, हे आपसूक शोधावं लागतं. आणि शोधता शोधता लक्षात आलं, की माझ्या कपाटातली जवळजवळ सगळी विमानं परत न आलेली आहेत. त्यांचा नाहीतर त्यांच्या जातीचा एखादा तुकडा कुठेतरी असेल, पण अख्खं विमान फक्त माझ्या कपाटात. मी त्यांची त्या दिवशीची सकाळ करत असतो. रंग शाबूत, चॉक लावलेले, काच पुसलेली.

१९६५च्या युद्धातलं एक नॅट मात्र आजही जसंच्या तसं बघायला मिळतं. कराचीत. ३ सप्टेंबरला ते पाकिस्तानातल्या पसरूरला उतरलं. का उतरलं यावर दोन्ही देशांचं एकमत नाही. पण उतरलं म्हणून टिकलं, आणि आता त्यांच्या वायुसेनेच्या संग्रहालयात उभं आहे. ते करायला मला आजवर हात धजला नाही. काय वाटून, ते सांगता येणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ घेतला तो देवय्यांच्या मिस्टेरने, म्हणजे एका फ्रेंच बनावटीच्या लढाऊ विमानाने. ते मी चंदेरी केलं. चंदेरी रंग म्हणजे मॉडेलवाल्याची परीक्षा, खालचा केसाएवढा ओरखडा तो मोठ्या आवाजात सांगतो. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासायचं, पुट्टी भरायची, पुन्हा घासायचं. त्यात मी मूर्खासारखं जुलैत रंगवायला घेतलं. पुण्यातल्या दमट हवेत लॅकर मारला की त्यावर दुधाची साय धरल्यासारखा पांढुरका थर येतो. दोनदा थिनरने सगळं उतरवलं. शेवटी दसऱ्यानंतर रंग धरला.

अज्जमाड बोप्पय्या देवय्या मूळचे कोडगूचे. ७ सप्टेंबर १९६५ला पहाटे आदमपूरहून बारा मिस्टेर पाकिस्तानातल्या सरगोध्याच्या हवाई तळावर हल्ला करायला निघणार होती, आणि देवय्या राखीव. कुणी गळालं तरच त्यांनी जायचं. ते गेले. परतीच्या वाटेवर त्यांना एका पाकिस्तानी स्टारफायटर विमानाने गाठलं. स्टारफायटर आवाजाच्या दुप्पट वेगाचं, तर मिस्टेर सरळ उड्डाणात आवाजाचा वेगही न गाठणारं. शिवनेरीने साध्या एसटीचा पाठलाग करावा तसलं ते गणित. पळणं शक्यच नव्हतं, म्हणून ते वळले. मार बसलेल्या विमानातून लढले आणि त्यांनी ते स्टारफायटर पाडलं. पाकिस्तानी वैमानिक अमजद हुसेन पॅराशूटने वाचले.

हे आपल्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. आपल्या नोंदीत देवय्या फक्त परतले नाहीत. १९७९ साली एका ब्रिटिश लेखकाने पाकिस्तानच्या बाजूने त्या युद्धाचं पुस्तक लिहिलं, त्यातून ही झटापट बाहेर आली. मग आपल्याकडे जुनी कागदपत्रं उघडली गेली आणि १९८८ साली मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. तेवीस वर्षांनी. शत्रूने सांगितलं म्हणून. मी दोनदा रंग उतरवला म्हणून कुरकुरत होतो, त्या दिवसांत हे वाचत होतो.

किटमध्ये वैमानिकाचा पुतळा येतो. तो कायम एकाच बैठकीत, दोन्ही हात मांडीवर, लग्नाच्या ग्रुप फोटोत पहिल्या रांगेत बसवलेल्या आत्याच्या यजमानांसारखा. सेखोंच्या नॅटमध्ये आणि देवय्यांच्या मिस्टेरमध्ये तो मी बसवला नाही. मॉडेल छान झालं असताना ते ध्यान आत नको, हे वरवरचं कारण.

सुखोई-७ मध्ये मात्र बसवला. ते विमान दिलीप पारुळकरांचं. हा मराठी गडी १९६५ला हंटर हे लढाऊ विमान चालवत होता. गोळी लागून हात जायबंदी, विमानाला मार, वरिष्ठांनी विमान सोडून दे म्हटलेलं, तरी ते घेऊन परत आला. १० डिसेंबर १९७१ला त्याचं सुखोई पडलं आणि तो रावळपिंडीच्या छावणीत कैदी झाला. आपण कधी पडलो तर कैदेत बसून राहणार नाही, असं आपल्या सीओंना, म्हणजे कमांडिंग ऑफिसरना, त्याने आधीच सांगून ठेवलेलं. ऑगस्ट १९७२मध्ये ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोन कैदी वैमानिकांना घेऊन त्याने भिंतीला भोक पाडलं. पठाणी कपड्यांत तिघं पेशावरला, तिथून लांडी कोतलला पोचले. अफगाण सरहद्द काही किलोमीटरवर राहिली. तिथे त्यांनी 'लांडी खाना'ला कसं जायचं ते विचारलं, कारण नकाशात तसं रेल्वे स्टेशन होतं.

ते स्टेशन १९३२ सालीच बंद झालेलं.

चाळीस वर्षं जुन्या नावाने घात केला. तिघं पकडले गेले, डिसेंबरात इतर कैद्यांबरोबर वाघ्यावरून परत आले. पारुळकर २०२५च्या ऑगस्टमध्ये गेले, म्हातारे होऊन, आपल्या घरी. सुखोईत तो पुतळा शोभतो. मी त्याचा एक हात कापून विमान वळवायच्या काठीवर ठेवलाय, तेवढी आत्याच्या यजमानांपासून सुटका.

उरलेले दोन पुतळे फिल्मच्या जुन्या डबीत पडून होते. यंदा दिवाळीत पुतणीने डबी उघडली. "काका, हे मावळे इतके लहान का?" मी म्हटलं, हे मावळे नाहीत गं. तोवर तिने दोघांना किल्ल्यावर नेलंही होतं. सैन्याच्या रांगेत ते कुणाच्या गुडघ्याशीही पोचेनात, तेव्हा तिने थोडा विचार केला आणि त्यांना वर, महाराजांच्या सिंहासनाच्या पायरीवर बसवलं. हात मांडीवर. शेजारी हाळिवाची रोपं त्यांच्या डोक्याच्या वर गेलेली.

चाक अजून सापडलेलं नाही. आई म्हणते, उद्या केर काढताना बघू.